वारुळाची दारं
फार जुनी गोष्ट आहे, पण म्हातारे तेव्हाही असेच होते. माळावर एक उंच वारूळ ओस पडलं होतं. वाळवी कधीच निघून गेली होती. घोरपडी दारात ऊन खात बसायच्या आणि कुणी जवळ आलं की ओरडायच्या, "पूर्वजांची वास्तू आहे, हात लावू नका!" छत ढासळत होतं, तिकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

शेजारी एक रातकिडा उघड्यावर गायचा. त्याचा सूर वारा उडवून न्यायचा आणि तोच सूर ऐकून पिंगळा त्याला टिपायला यायचा. हा आवाज पोकळ वारुळात कसा घुमेल, असा प्रश्न एका मुंगीला पडला. तिने साठ्यातले दाणे देऊन कुंभारमाश्यांकडून वारूळ लिंपून घेतलं.

"यात तुला काय मिळणार गं?" थोरली घोरपड म्हणाली.

"ऐकायला येणारे थोडंफार आणतील. दाणे हळूहळू परत येतील."

"खुळी कुठली!"

वारूळ नीट झालं तशी घोरपडीला अक्कल आली. तिने नागाला राहायला बोलावलं आणि ती मुंगीला म्हणाली, "तो भाडं म्हणून रोज दोन अंडी देतोय. रातकिडा काय देणार, किर्र?"

वारुळात नुकताच राहायला आलेला रातकिडा घाबरून निघालाच होता. पण नागाने दारात तोंड खुपसलं ते अडकलंच. कसाबसा सुटून तो फणफणत गेला.

"एवढीशी दारं कुणी करतं का?" घोरपड किंचाळली.

"ज्याला घर नव्हतं त्याचं माप घेऊन केली, आजी," मुंगी म्हणाली. "आता गप्प बस. त्याचा आवाज कसा घुमतो ते मला ऐकायचंय."