चाळीस रुपयांची घरगाडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शब्दही साधेच आहेत.

आम्हांला हवे होते चाळीस रुपये, आणि मोरोबाशेट शंभराच्या खाली द्यायला तयार नव्हते!

मी कल्हईवाला. तट्टावर सामान लादून गावोगाव हिंडायचं, लोकांच्या भांड्यांना कल्हई करायची, हे आमचं काम. बायको ठकू भाता ओढते. झाडाखाली चूल, झाडाखालीच झोप. तीन वर्षं तसं चाललं. पण आता तिला सातवा महिना लागला होता, आणि बाळ उघड्यावर जन्माला येऊ नये एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात चिंचगडला एक बंद पडलेली नाटक कंपनी आपली घरगाडी विकायला निघाली. लाकडी भिंती, वर पत्रा, आत झोपायला फळी, शिवाय एक खिडकी! किंमत चाळीस रुपये. गुरुवारी दुपारपर्यंत पैसे आले नाहीत, तर वखारवाला ती घेऊन तिचं सरपण करणार होता.

चिंचगड संस्थानात कर्ज देणारी पेढी एकच, मोरोबाशेटची. दारावर पाटी, आणि पाटीखाली राजेसाहेबांचा शिक्का: ‘शंभर रुपयांच्या आतील रक्कम वाढवल्याशिवाय कर्ज मिळणार नाही.’

“वाढवा आणि घेऊन जा,” शेट म्हणाले.

“शंभर घेऊन करू काय, शेटजी?” ठकूने विचारलं. “गाडी चाळिसाची!”

“आत झुंबर लावा!”

“आणि साठ लगेच परत केले तर?”

“तरी वर्षाचं व्याज शंभरावरच! चाळिसाच्या व्याजात माझ्या कारकुनाची तंबाखू निघत नाही, बाई.”

मला चारचौघांत बोलता येत नाही, कान तेवढे लाल होतात. बाहेर आल्यावर ठकू म्हणाली, “अहो, त्या पाटीवर काय लिहिलंय ते मला परत वाचून दाखवा. सावकाश.”

मी वाचलं. ती हसायलाच लागली. “चला, राजेसाहेबांकडे! आज बुधवारच आहे!”

दर बुधवारी राजेसाहेब राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून गाऱ्हाणी ऐकत. भारी हट्टी माणूस! एकदा भर वैशाखात चुकून शाल पांघरून आले, तर चार तास घाम पुसत बसले, पण शाल काढली नाही.

“शिक्का माझा आहे!” ते गरजले. “पाटीची काना-मात्रा बदलणार नाही!”

“बदलू नका, सरकार,” ठकू म्हणाली. “पाटीप्रमाणेच द्यायला सांगा. चाळीस.”

“पाटीप्रमाणे, आणि तेही चाळीस? वेडी आहेस का? ते कसं जमणार?”

“जमलं तर?”

राजेसाहेब पुढे सरकले. “जमलं तर शेट इथल्या इथे चाळीस मोजतील. नाही जमलं, तर तुमचं तट्टू माझ्या पागेत जमा! कबूल?”

“कबूल!” माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. तट्टू गेलं तर धंदाच गेला.

शेटना बोलावणं गेलं. ते धापा टाकत आले, मागे अर्धा बाजार.

“नाव काय गं तुझं?” शेटनी ठकूला विचारलं.

“ठकू.”

“मग ठकवणारच!” लोक हसले.

“मी नुसती विचारते, शेटजी. आज सकाळी पेढीच्या उंबऱ्यावर नारळाचं काय केलंत?”

“वाढवला. रोज वाढवतो.”

“अरे वा! केवढा झाला? भोपळ्याएवढा?”

“भोपळ्याएवढा कसला? दोन भकलं झाली!”

“आणि काल निजताना दिव्याचं काय केलंत?”

“वाढवला.”

“मग घर लख्ख उजळलं असेल!”

“अंधार झाला, अंधार!” शेट चिडले. “फोडला, विझवला असलं अभद्र मी तोंडाने बोलत नाही. परवा सुनेची बांगडी वाढली, तेव्हाही वाढली असंच म्हणालो. पण त्याचा इथे काय संबंध?”

“सांगते की!” ठकूने दोन्ही हातांत नारळ धरावा तसे हात धरले. “ही माझी चाळीस रुपयांची रक्कम.” आणि तिने ते हात पायरीवर आपटल्यासारखे करून दोन बाजूंना केले. “ही वाढवली! वीस इकडे, वीस तिकडे. ते वीस दिवाळीला फेडीन, हे वीस होळीला. पाटी म्हणते रक्कम वाढवा. वाढवली, शेटजी! आता द्या!”

चौकात एकच हशा!

“सरकार!” शेट ओरडले. “पाटीवर वाढवणे म्हणजे जास्त करणे!”

“असं?” ठकू म्हणाली. “मग उद्या सकाळी उंबऱ्यावर उभे राहा, आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणा, ‘मी नारळ फोडला!’ संध्याकाळी म्हणा, ‘मी पेढी बंद केली!’”

“शिव, शिव, शिव!” शेटनी तोंडावर हात ठेवला, आणि दुसरा हात आपोआप कनवटीला गेला.

राजेसाहेब इतके हसले की पायरीवरून एक पायरी खाली आले. “मोजा शेट, मोजा! पाटीची काना-मात्रा मी बदलणार नाही!” मग डोळे पुसत ठकूला म्हणाले, “बाई, बाळंतपण होईपर्यंत तुमची गाडी माझ्या बागेत, विहिरीशेजारी उभी राहील. सुईण राजवाड्यातली. आणि बाळाला चांदीचे वाळे माझ्याकडून!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाटकवाल्यांना चाळीस रुपये दिले, तट्टू जुंपून गाडी बागेत आणली आणि चाकांना दगड लावले. ठकू फळीवर पाय पसरून झोपली. धूर खिडकीत जाऊ नये म्हणून मी पन्नास पावलं मोजली, आणि तिथे भट्टी पेटवली.