अंड्यावरची माफी

“तुम्ही नेऊन द्याल ना, ब्रदर?” ऑल्विनने विचारलं.

ब्रदर कैतान यांनी अंडं खिडकीशी धरलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमागच्या त्यांच्या खोलीत अंडी रंगायची. अंड्यावर मेणाने लिहायचं, कांद्याच्या सालींच्या रंगात बुडवायचं, मग मेण वितळवून पुसायचं. मेणाखालचं पांढरं राहतं. अंडं मात्र कच्चंच घ्यायचं. उकडलेलं दिलं की माणूस धसमुसळा होतो, असं ब्रदरांचं म्हणणं.

ऑल्विनच्या अंड्यावर, तांबड्यावर पांढरं, उमटलं होतं : दादा, माफ केलं.

ऑल्विन धर्मगुरू व्हायला सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला होता. क्षमेवर तो तासभर न अडखळता बोलत असे.

“अक्षर सुरेख आहे,” ब्रदर म्हणाले. “कोणी कोणाला माफ केलं?”

“मी. नेल्सनदादाला. सोमवारी तो बायकामुलांना घेऊन कुवेतला चाललाय. आता परत यायचा नाही म्हणतात.”

“त्याने काय केलं होतं?”

“बाबांना दवाखान्यात न्यायला उशीर केला.”

“आणि तू?”

“मी... बोललो.”

“कुठे?”

“बाबांच्या कबरीशी.”

“काय बोललास?”

ऑल्विनने मेणाची वाटी उगाच सरकवली.

“तू मारलंस त्यांना, म्हणालो. सगळं गाव होतं. तेव्हापासून तो घरी आला नाही. आई सणाला त्याचं ताट मांडते आणि उचलून ठेवते.”

“उशीर झाला होता?”

“...नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता.”

“हे तुला कधी कळलं?”

बाहेर कोणीतरी चर्चचं अंगण झाडत होतं. झाडूचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“त्याच आठवड्यात,” ऑल्विन म्हणाला.

ब्रदरांनी अंडं त्याच्यापुढे ठेवलं. ऑल्विन त्या अक्षरांकडे बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

“पुसता येतं का हे?”

“नाही.”

“मग दुसरं घेतो.” त्याने टोपलीकडे हात नेला.

ब्रदर उठले, टोपली उचलून कपाटावर ठेवली आणि येताना शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेऊन आले.

“हा तर रंग पक्का व्हायला घालतात,” ऑल्विन म्हणाला.

“चमचाभर घातला तर पक्का करतो. नुसत्या शिरक्यात बुडवलं तर खातो.”

“रंग?”

“रंगही. थोडं कवचही.”

“फुटलं तर?”

ब्रदरांनी वाडग्यात शिरका ओतला आणि ते हात पुसत बसले.

ऑल्विनने अंडं आत सोडलं. बारीक फेस आला. आंबट वासाने डोळे झोंबले. बोटाने चोळत राहिला तसा तांबडा रंग सुटू लागला, सुरेख अक्षरं कडेकडेने विरली. मध्ये एकदा त्याने हात काढून घेतला, ब्रदरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्याने पुन्हा हात घातला.

अंडं पांढरं झालं, पण पहिल्यासारखं नाही. कवच पातळ झालं होतं, उजेडात धरलं की आतलं पिवळं कळत होतं.

त्याने पुन्हा मेण लावलं. या वेळी कवच जपताना अक्षर वाकडं आलं. अंडं रंगात बुडवलं, काढलं, मेणबत्तीच्या कडेला धरून मेण पुसलं.

दादा, माफ कर.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. नेल्सनचं घर तळ्यापलीकडे, चालत गेलं तर फार लांब नाही. ऑल्विन ओंजळीत अंडं धरून उभा राहिला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

“ब्रदर, तुम्हीच न्या. मला बघून तो दार लावून घेईल.”

त्याने ओंजळ पुढे केली.

ब्रदर कैतान यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“आता ते माझ्या हातात फुटेल.”