साळिंदराने उघडलेली दारं

जंगलात सगळ्यांच्या वेबसाइट एकाच सर्व्हरवर चालत, त्या काळची गोष्ट. कोणाला कुठली फाइल उघडू द्यायची, हे साळिंदर ठरवी.

एकदा सुगरण म्हणाली, "साळिंदरदादा, माझ्याच फोल्डरमध्ये मला लिहिता येत नाही हो."

साळिंदराला जेवायची घाई होती. कुठे अडलंय ते शोधायचा त्याने कंटाळा केला आणि सगळ्यांना सगळंच मोकळं करून टाकलं.

सकाळी माकडाने साफसफाईच्या भरात सुगरणीचे घरट्यांचे आराखडे पुसून टाकले. साळिंदर काटे फुलवून त्याच्यावर धावला.

"त्याला कशाला रागावता?" सुगरण म्हणाली. "मी फक्त माझं दार उघडायला सांगितलं होतं."

साळिंदराचे काटे खाली बसले. मान वर न करता तो एकेक दार लावत गेला. सुगरणीच्या दाराशी पोचला, तेव्हा आत राखायला काहीच उरलं नव्हतं.