पुढच्या जाळीवरची जागा

एका खाडीच्या मुखाशी वसलेल्या गावात एकदा एक दर्यावर्दी कायमचा घरी परतला. यशवंत सारंग हे त्याचे नाव. बावीस वर्षे त्याने मालवाहू जहाजांवर काढली होती. वर्षातले नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी, असा त्याचा क्रम होता. या काळात त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, ती चालू लागली, शाळेत जाऊ लागली. आणि यातले बहुतेक सारे त्याला फोनवरून कळले. आता मुलगी केतकी तेरा वर्षांची होती.

घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आले की घराला त्याच्यावाचून चालण्याची सवय झाली आहे. पत्नी सुनंदा त्याला हवे नको ते पाही, त्याच्या आवडीचे रांधी. पण मायलेकी स्वयंपाकघरात हसत असत आणि तो आत गेला की हसणे थांबे. कोणाच्या मनात राग नव्हता. त्याला सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते, एवढेच. जूनमध्ये केतकीच्या शिक्षणासाठी दोघी पुण्याला सुनंदाच्या बहिणीकडे राहायला जाणार, हेही तो येण्यापूर्वीच ठरून गेले होते. त्याच्या हाती एक हिवाळा आणि एक उन्हाळा उरला होता.

शीड हाकणे ही एकच विद्या त्याला उत्तम अवगत होती. म्हणून त्याने जोडहोडी घ्यायचे ठरवले. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेली आणि मध्ये बसायला जाळी ताणलेली ही शिडाची होडी. हल्ली तिला कॅटामरान म्हणतात. नोव्हेंबरात त्याने तशी एक होडी भाड्याने आणून दोघींना खाडीबाहेर फिरवूनही आणले होते. फेरी फार सुरेख झाली, असे त्याला वाटले. त्यानंतर मात्र पुन्हा जाऊ या म्हटले की सुनंदाचे डोके दुखे आणि केतकीला अभ्यास असे.

शेजारच्या किनाऱ्यावरचे एक जलक्रीडा केंद्र बंद होणार होते आणि त्यांच्या दोन जोडहोड्या विकायच्या होत्या. पहिलीची दोन्ही अंगे, म्हणजे जोडलेल्या दोन होड्या, सुरीच्या पात्यासारखी बारीक होती, पुढची टोके सरळ आणि सडपातळ. दुसरीची अंगे पोटाला भरलेली, टोके रुंद आणि वर उचललेली, तळ पाळण्यासारखा किंचित वळलेला. यशवंतचे मन पहिलीवर बसले होते. तरी खरेदीपूर्वी तो आपल्या गुरूंकडे गेला.

भिकाजी मेस्त्री हे ते गुरू. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर त्यांनी होड्या बांधल्या आणि शिडाच्या शर्यती जिंकल्या. यशवंतला लहानपणी वारा ओळखायला त्यांनीच शिकवले होते. आता ते खाडीकाठच्या आपल्या शेडमध्ये एकटेच राहत.

मेस्त्रीकाका त्याच्याबरोबर केंद्रावर आले. दोन्ही होड्यांच्या तळांवरून त्यांनी हळूहळू हात फिरवला. होडी कोणासाठी, असे विचारले. घरच्यांसाठी, असे यशवंत म्हणाला. त्यांना शिडाची काही माहिती आहे का, यावर नाही म्हणाला. मग तो सांगू लागला, की दुसरी होडी जड चालेल, दोन महिन्यांत कंटाळा येईल. पहिली हलक्या वाऱ्यातही पाणी कापत जाते. केंद्राच्या माणसाची परवानगी घेऊन काकांनी यशवंतला दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा चढल्यावर, यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक अंगाची होडी पाण्यात लोटायला लावली आणि स्वतः सुकाणू धरले. यशवंतला पुढे, डोलकाठीपुढच्या जाळीवर, बसायची आज्ञा झाली.

"परत येईपर्यंत शिडाच्या दोरीला हात लावायचा नाही," काका म्हणाले, "आणि मला काही सांगायचंही नाही."

बावीस वर्षे समुद्र पाहिलेल्या माणसाला हे विचित्र वाटले. पण गुरूंची आज्ञा म्हणून तो बसला.

खाडीचे मुख ओलांडताच होडीने वेग घेतला. पुढच्या अरुंद टोकांवर उडालेले पाणी थेट त्याच्या तोंडावर येऊ लागले. धरायला जाळीच्या दोरीखेरीज काही नव्हते. एवढ्यात वाऱ्याचा झोत आला. वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूच्या अंगाचे टोक पाण्यात घुसले, होडी अडखळली आणि यशवंत पुढे फेकला गेला. कसाबसा त्याने तोल सावरला. टोक पुन्हा वर आले, पण क्षणभरानेच दुसरा झोत आला. काका निष्णात आहेत, होडी त्यांच्या हातात आहे, हे त्याला पूर्णपणे ठाऊक होते. तरी त्याने जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आपण ठीक आहोत असे कोणी एकदा म्हणावे, एवढ्यासाठी त्याने मागे वळून पाहिले.

काकांची नजर शिडावर खिळली होती. त्याने दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले. ती नजर हलली नाही. चार हातांच्या अंतरावर माणूस होता आणि तरी त्या अथांग पाण्यावर यशवंत अगदी एकटा होता.

परत आल्यावर काकांनी थांबू दिले नाही. ओल्या कपड्यांनिशी त्याला दुसऱ्या होडीच्या पुढे बसवले. वारा तोच होता, लाटा त्याच होत्या. ही होडी सावकाश निघाली. झोत आला तेव्हा तिची भरलेली टोके पाण्यात न घुसता वर उचलली गेली. ती थोडी कलली आणि पुढे चालू लागली. काकांनी शिडाची दोरी जराशी सैल सोडली.

"थंडी वाजते का रे?" मागून आवाज आला.

यशवंतने वळून पाहिले. काका त्याच्याकडेच पाहत होते.

वाळूवर होडी ओढून दोघे बसले. मग काकांनी सुरुवात केली.

"बारीक अंगाची होडी वाईट नाही. पण पुढे वजन आलं की तिची टोकं बुडायला बघतात, आणि ती चूक माफ करत नाही. म्हणून चालवणाऱ्याला शिडावरून नजर काढता येत नाही. एकट्याने शर्यत मारायला ती चांगली. भरल्या अंगाची होडी वेग देत नाही, पण तुझी चूक ती पोटात घेते. तेवढ्या वेळात तुला दुसऱ्याकडे बघता येतं. घरच्यांसाठी होडी घ्यायची तर ती त्यांच्या जागेवर बसून निवडावी."

मग ते म्हणाले, "लग्नानंतर तुझी काकू तीन वेळा माझ्याबरोबर आली. माझी सगळ्यात वेगवान होडी होती. तिला अभिमान वाटेल, असं मला वाटलं. चौथ्यांदा ती किनाऱ्यावरच थांबली. मग एकतीस वर्षं थांबली. मी शर्यती जिंकून यायचो, ती डबा घेऊन उभी असायची. का येत नाहीस, हे मी तिला विचारलं नाही. भित्री आहे, असं धरून चाललो. ती गेल्यावर एकदा सहज दुसऱ्याच्या होडीत पुढे बसलो. तेव्हा कळलं. पण तोवर सांगायला कोणी उरलं नव्हतं."

एवढे बोलून ते उठले आणि शीड गुंडाळू लागले.

त्या संध्याकाळी यशवंतने सुनंदाला विचारले, की नोव्हेंबरात पुढे बसली होतीस तेव्हा कसे वाटले होते. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मी तुम्हाला हाका मारत होते," ती म्हणाली. "केतकी रडत होती. तुम्ही वर बघत होतात."

त्याने स्पष्टीकरण दिले नाही. तो तिच्याजवळ खाली बसला आणि ती सांगत गेली ते ऐकत राहिला.

भरल्या अंगाची होडी जानेवारीत घरी आली. पहिले दोन रविवार तिच्यात तो एकटाच बसला. तिसऱ्या रविवारी केतकी आली, आणि फेब्रुवारीत सुनंदाही. ते फार दूर गेले नाहीत, वेगाने तर कधीच नाही. पण जाळीवर बसून केतकी शाळेतल्या गोष्टी सांगे, आणि सुकाणू धरून तो विचारू शके की मग पुढे काय झाले.

ठरल्याप्रमाणे जूनमध्ये दोघी पुण्याला गेल्या. त्यांना गाडीत बसवून यशवंत घरी न जाता मेस्त्रीकाकांच्या शेडकडे वळला. पावसाने खाडी करडी दिसत होती. काकांनी त्याला बसायला फळी दिली, चहा टाकला. पोचल्या का, असे विचारले. आताच निघाल्या, असे तो म्हणाला.

चहा झाल्यावर यशवंतने कप हाती घेतला.

"दिवाळीत होडी पाण्यात असेल ना, असं केतकीनं विचारलंय," यशवंत म्हणाला.

काकांनी मान हलवली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.