नवी घोंगडी कुणाच्या अंगावर

एकदा एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. ती परसात वाळत घातलेली लोकर उलटीपालटी करत होती. भिंतीच्या पलीकडे तिची सासू शेजारणीला सांगत होती, "हिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि माझ्या पोरानं बाहेर टाकलं. आता याला योगायोग म्हणायचं तर म्हणा."

शेजारणीनं काय म्हटलं ते सारिकानं ऐकलं नाही. हातातली लोकर खाली ठेवून ती घरात गेली. तिचं लग्न होऊन चार महिने झाले होते. धाकट्या दिरानं, मल्हारीनं, फौजेत भरतीचा अर्ज भरला तेव्हा तिला या गावाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण अशा आरोपात तारखा दाखवून सुटका होत नसते, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला जमत असे; त्या घरात तिची तेवढीच एक ख्याती झाली होती.

घर सनगरांचं होतं, पिढ्यान् पिढ्या घोंगड्या विणणाऱ्यांचं. माळावरच्या त्या गावात पूर्वी पंचवीस माग होते, आता एकच उरला होता. त्यावर बसत ते घरातले सर्वांत वडीलधारे, सारिकाच्या सासऱ्यांचे चुलते. त्यांना सगळा गाव आबा म्हणे. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण धागा तुटला तर हाताला आधी कळायचं. सुनेला काही शिकायची इच्छा आहे, हे घरात फक्त त्यांनीच ओळखलं होतं. तेव्हापासून दुपारची भांडी झाली की सारिका त्यांच्याजवळ येऊन बसे आणि मागाचं काम शिके. आबा बोलून शिकवत नसत. ते करत, ती पाही. मग ती करी, आणि ते पाहत.

मल्हारीला फौजेचं बोलावणं आलं, तीन आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. त्या दिवसापासून घराचं वागणं बदललं. सासरे बोलेनासे झाले. ते रोज मल्हारीची लोखंडी पेटी बाहेर काढत, तिच्या कडीला तेल लावत आणि परत आत ठेवत. थोरला मुलगा, म्हणजे सारिकाचा नवरा, मोबाईलवर नकाशा उघडून अंतर मोजी, आणि कालच्यापेक्षा आज काही कमी झालं असेल अशा आशेनं पुन्हा मोजी. सासूनं तर मुलाशी बोलणंच टाकलं. त्याच्या आवडीचं सगळं ती रांधी, ताट त्याच्यापुढे सरकवी आणि तोंड फिरवून बसे. मल्हारी तिला हसवायला बघे. "आई, तिकडं असं जेवण मिळायचं नाही," असं तो एकदा म्हणाला, आणि सासू भाकरी तव्यावर तशीच टाकून उठून गेली. त्यानंतर तो हसवायला गेला नाही.

सासूनं एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती. या घराची रीत अशी, की दूरच्या मुलखाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर घरच्या मागावरची घोंगडी असायची. मल्हारीची घोंगडी आपल्या मनासारखी झाली तरच त्याच्या हातावर आपण दही ठेवू. नाहीतर त्यानं खुशाल जावं, आपण दारात येणार नाही. आणि आई दारात आली नाही तर हा मुलगा जाईल, पण कायमचा मोडून जाईल, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

म्हणून घोंगडीचं काम सुरू झालं. काळ्या लोकरीचा ताणा, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, अंगणात खुंट्यांवर ताणला गेला. आता त्याला खळ लावायची होती. ही खळ चिंचोके शिजवून, वाटून करतात; कुंच्यानं ती धाग्यांवर फिरवली की लोकरीला ताठपणा येतो, धागा मागावर तुटत नाही, आणि पुढं पावसाचं पाणीही घोंगडीवरून ओघळून जातं. आबांनी खळ पातळ ठेवायला सांगितली होती. सासूनं ती दाट केली.

सारिकानं कुंचा बुडवला तर तो उभाच राहिला.

ती आबांकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली की खळ फार घट्ट झाली आहे, घोंगडी लाकडासारखी होईल. आबा म्हणाले, "ती म्हणते तेवढी लाव."

दुसऱ्या दिवशी सासूनं दुसरा हात द्यायला लावला. तिसऱ्या दिवशी स्वतः कुंचा घेऊन तिसरा हात दिला. तिची समजूत साधी होती: खळ जितकी जाड, तितकी घोंगडी पक्की, घोंगडी जितकी पक्की, तितका मुलगा सुरक्षित. थंडी, पाऊस, वारा आणि ज्याचं नाव ती घेत नव्हती ते, सगळं त्या खळीवरून ओघळून जाईल. विणकराच्या घरात तीस वर्षं काढलेली बाई ती. नेमाची खळ किती हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

सारिका पुन्हा आबांकडे गेली. त्या दिवशी तिच्या हातून दोनदा ताण्याचे धागे तुटले होते. आबांनी तुटलेला धागा चाचपून पाहिला आणि म्हणाले, "हात रागावलाय आज तुझा."

भिंतीपलीकडचं ते वाक्य अजून तिच्या मनात होतं, आणि जिनं आपल्यावर ठपका ठेवला तिच्याच मुलासाठी आपण उन्हात उभं राहून धागे सारखे करायचे, हे तिला थोडं जडच जात होतं. आबांनी धाग्याला गाठ मारली आणि कुंचा पुन्हा तिच्या हातात दिला.

घोंगडी विणून झाली ती मल्हारी निघण्याच्या आदल्या दिवशी. मागावरून उतरवून सासूनं ती ओसरीच्या कोपऱ्याला टेकवली, तर ती टेकलीच नाही. स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मल्हारी म्हणाला, "वैनी, हिलाच भरतीला पाठवा. छाती माझ्यापेक्षा भरतेय." सारिकाला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. सासू हसली नाही. ती घोंगडीवरून हात फिरवत होती. तळहात लाल झाला तरी फिरवत होती.

सकाळी अंगणात सगळे जमले. पेटी बाहेर आली. सासूनं आपला शब्द पाळला: ती दारात आली, मुलाच्या हातावर दही ठेवलं, त्यानं ते खाल्लं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तिनं ती नवी घोंगडी उचलली आणि त्याच्या खांद्यावर टाकायला पुढं झाली.

आबा मध्ये आले. ते सहसा जागचे उठत नसत, म्हणून सगळे थांबले. त्यांनी घोंगडी सासूच्या हातून काढून घेतली, उलगडली आणि सासूच्याच अंगाभोवती गुंडाळली. त्यांची स्वतःची जुनी घोंगडी, जी गेली कित्येक वर्षं त्यांच्या मांडीवर असे, जिच्या दशा गळून गेल्या होत्या आणि एका कडेला ठिगळ होतं, ती त्यांनी मल्हारीच्या खांद्यावर टाकली.

सासरे पेटीची कडी धरून उभे राहिले. सासूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती म्हणाली, "आबा, मी बोटं सोलून घेतली हिच्यापायी. आणि तुम्ही माझ्या लेकराला फाटकं देऊन धाडताय?"

आबांनी विचारलं, "मानेला कसं लागतंय?"

सासूचा हात आपोआप मानेकडे गेला. तिथं लाल ओरखडे उठले होते. ती म्हणाली, "टोचतंय."

"टोचणारच," आबा म्हणाले. "नवी घोंगडी कुणाचीही टोचते, आणि तू तर तिला तीन हात खळ पाजलीस. मी अडवलं नाही, कारण तुझ्या जीवाला ते करायलाच हवं होतं. काळजी करू नको, असं मी तुला सांगणार नाही. ती आईनं करायची नाही तर कुणी करायची? पण घोंगडी मऊ होते ती अंगावर वागवून. धुऊन होत नाही, उन्हात टाकून होत नाही. कुणीतरी ती रोज पांघरावी लागते, मग हळूहळू खळ झडते आणि खालची ऊब हाताला लागते. ते वागवायचं काम घरात राहणाऱ्यांचं असतं. जाणाऱ्याला आधीच नवी जागा टोचत असते. त्याच्या खांद्यावर आणखी आपलं टोचणं कशाला? त्याला आपल्याकडचं मऊ झालेलं द्यावं. हिला तू पांघर. वर्षानं तो सुटीवर येईल तेव्हा त्याला दे. तोवर ती त्याच्या जोगी झालेली असेल."

घोंगडी काढून टाकावी म्हणून सासूनं कड धरली होती. ती कड तिनं तशीच आवळून धरली आणि घोंगडी स्वतःभोवती आणखी ओढून घेतली. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती मुलाशी सरळ बोलली. म्हणाली, "आबांच्या घोंगडीला तंबाखूचा वास येतोय. तिकडं लोक काय म्हणतील?"

मल्हारी म्हणाला, "म्हणू देत. घरचा वास आहे." आणि तो निघाला. कुणी त्याला मागून हाक मारली नाही.

सारिका मात्र दाराच्या चौकटीशी बराच वेळ उभी राहिली. आबांचं बोलणं सासूसाठी होतं, पण तिलाही त्यातून काहीतरी उमगलं होतं. शेजारणीजवळ बोललेलं ते वाक्य त्याच घट्ट खळीचं होतं. काळजी ताजी होती, टोचत होती, आणि ती कुणाच्या तरी अंगावर पडणारच होती. घरात सगळ्यांत नवी सारिका होती, म्हणून तिच्या अंगावर पडली. यामुळे ते वाक्य खरं ठरत नव्हतं, की त्याचा ओरखडाही नाहीसा होत नव्हता. पण त्यामागं वैर नव्हतं, एवढं तिला कळलं. आणि त्या दिवशी दुपारी मागावर बसली तेव्हा तिच्या हातून एकही धागा तुटला नाही.

सासू खरोखरच ती घोंगडी पांघरू लागली. पहाटे दळण आणायला जाताना, ओसरीवर निवडत बसताना. मान खाजवी, कुरकुरे, आबांना ऐकू जाईल अशा बेतानं नावं ठेवी, पण काढून ठेवत नसे.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, मल्हारीचा पहिला फोन आला. त्याला दहा मिनिटं मिळाली होती. थोरल्यानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला, आणि सगळे त्याच्याभोवती वाकून बसले. सासूनं विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, बरं आहे. सासऱ्यांनी विचारलं, सगळं ठीक ना? तो म्हणाला, ठीक आहे. थोरल्यानं विचारलं, काही त्रास नाही ना? तो म्हणाला, नाही. मिनिटं जात होती. सासूनं पुन्हा विचारलं, खरंच बरं आहे ना रे? आणि तिचा आवाज फाटला. पलीकडून तो घाईघाईनं तिचीच समजूत घालू लागला, की मी मजेत आहे, तू रडू नको, मी अगदी मजेत आहे.

सारिका पाठीमागे उभी होती. ती पुढं आली, सासूच्या शेजारी घोंगडीला खेटून बसली. त्या घरात आल्यापासून सगळे समोर असताना ती पहिल्यांदाच न विचारता बोलली.

"आत्या, बरं आहे का असं नका विचारू त्यांना. तिथली भाकरी कशी असते ते विचारा, शेजारच्या खाटेवर कोण झोपतं ते विचारा, पायाला फोड आलेत का ते विचारा. बरं आहे का म्हटलं, की हो म्हणावंच लागतं. माझी आई मला रोज फोनवर तेच विचारते, आणि मी रोज हो म्हणते."