दोन कॅबिनेट

"आणि डिस्क बाहेर काढायची झाली तर?" बुवांनी विचारलं.

"काढायची कशाला?"

"मी काय विचारलं, श्रीरंगा?"



भैरोबाच्या देवळामागच्या खोलीत सतरंजीवर दोन कॅबिनेट ठेवली होती. कॉम्प्युटरची रिकामी खोकी. एक काळं, बाजूला काच, आत रंगीत दिवे, मागे कुलूप. दुसरं पत्र्याचं, दिसायला गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू. साताऱ्याच्या दुकानदाराने दोन्ही पाठवली होती. एक ठेवायचं, एक परत द्यायचं. टेम्पो दाराशी उभा होता आणि ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न मारत होता.

देवळातला जुना कॉम्प्युटर वीज पडून जळाला होता. आतल्या दोन हार्ड डिस्का तेवढ्या वाचल्या. श्रीरंगाने त्या रुमालात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या.

त्यात मार्तंडबुवांचा पखवाज होता. सगळा.

बुवांचा उजवा हात अर्धांगाने गेला, त्याआधी त्यांच्या शिष्याने, श्रीरंगाने, त्यांच्याकडून एकेक परण, पखवाजाची एकेक बांधीव रचना, वाजवून घेतली. रेकॉर्ड केली. मग पुण्याला घरी बसून तिच्यातला पंख्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, देवळातली घंटा वेगळी काढली. नुसती परण ठेवली. जे एका डिस्कवर तेच दुसरीवर. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. इंटरनेटवर त्याने एक बोलही चढवला नव्हता. तिथे गेलं की ते कुणाचंच राहत नाही, असं तो म्हणे.

बुवांचा हात आता मांडीवर निजलेला असे. परणा कुठे आहेत, असं कुणी विचारलं तर लोक श्रीरंगाकडे बोट दाखवत. त्याला ते आवडत असे.

"या काळ्यातून काढायची तर आधी कुलूप," श्रीरंग म्हणाला. "मग मागची प्लेट. मग आतले स्क्रू. अर्धा तास तरी जातो."

"आणि त्या पत्र्याच्यातून?"

"त्याचं काय, खटका दाबला की ट्रे बाहेर. कुणीही काढेल."

"कुणीही?"

"कुणीही, बुवा. म्हणून तर सांगतो, ते परत पाठवू."

"काळं परत पाठव."

श्रीरंगाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बुवा, ही वस्तू देवळात राहणार. इथे माणसं येतात, जातात. कुणाच्या मनात काय…"

"बाहेर पारावर कोण बसलंय?"

श्रीरंगाचा हात रुमालावर घट्ट झाला.

"निपाणीचा निंगाप्पा."

"कधीचा?"

"सकाळचा."

"मला बोलला नाहीस."

"तुम्ही झोपला होता."

"मी झोपलो नव्हतो."

…

निंगाप्पाचा गुरू आणि मार्तंडबुवा हे एकाच गुरूचे शिष्य. तरुणपणी दोघांचं एका परणेवरून वाजलं. त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांचा बोल घेतला नाही, दिला नाही. निंगाप्पाचा गुरू दिवाळीआधी वारला.

"त्यांनी आपल्याला कधी काही दिलं का?" श्रीरंगाने विचारलं.

"नाही."

"मागितलं तेव्हासुद्धा?"

"मागितलं तेव्हा हसले."

"मग?"

 बुवांनी दाराकडे तोंड करून हाक मारली.

"निंगाप्पा, आत ये रे."

निंगाप्पा आत आला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, अंगठे पखवाजाने चपटे झालेले. बुवांच्या पायाला हात लावला आणि उभाच राहिला.

"बस. पाणी घेतलंस?"

"न्हाई, बुवा. हितलं पानी प्यायचं न्हाई असं सांगून ठिवलंय."

"कुणी?"

"गुरूनं. मरताना."

"तहान लागलीय?"

"सकाळधरनं लागलीय की."

बुवांनी डाव्या हाताने तांब्या पुढे सरकवला. निंगाप्पाने तांब्याकडे पाहिलं. वर छताकडे पाहिलं. मग घटाघट पिऊन तोंड पुसलं.

"आता काय करेल तुझा गुरू?"

"रागावंल. पर यायचा कुठनं?"

बुवा खुसखुसले. श्रीरंग हसला नाही.

"काय पाहिजे तुला?" बुवांनी विचारलं.

"मोठी परण. आमच्या गुरूकडं ती पुरी न्हवती. मधापत्तूर यायचा, थांबायचा, आन् आमच्यावर वरडायचा. मला ती एकदा पुरी ऐकायचीय."

"एकदा म्हणणारे मोबाईल खिशात चालू ठेवून बसतात," श्रीरंग म्हणाला.

निंगाप्पाने खिशातून मोबाईल काढला. बटणांचा, रबरबँडने बांधलेला. सतरंजीवर ठेवला.

"ह्यात आमच्या बायकूचा आवाज मावत न्हाई, साहेब. परण कुठं मावंल?"

बाहेर हॉर्न वाजला.

"श्रीरंगा, डिस्का त्या पत्र्याच्या कॅबिनेटात बसव," बुवा म्हणाले.

श्रीरंग हलला नाही.

"बुवा, मी रात्री जागवल्यात यांच्यासाठी. लग्नातल्या जेवणावरून उठून इथे आलो होतो, तुम्हाला ताप होता आणि तुम्ही म्हणालात, आज वाजवतो, उद्याचं सांगता येत नाही. तेव्हा हा कुठे होता?"

"निपाणीत."

"मग आज…"

"बसव."

श्रीरंगाने रुमाल सोडला. ट्रे ओढला, डिस्क ठेवली, आत लोटली. खट्. दुसरी. खट्. त्याचे कान तापले होते.

बुवा पुढे सरकले. डाव्या अंगठ्याने खटका दाबला. ट्रे बाहेर आला. आत लोटला. पुन्हा दाबला. पुन्हा बाहेर. लहान मूल पेटीशी खेळतं तसं त्यांचं चाललं होतं.

"बरं आहे हे," ते म्हणाले.

मग त्यांनी एक डिस्क काढली आणि निंगाप्पाच्या ओंजळीत ठेवली. दुसरी काढली. तीही ठेवली.

"धर."

श्रीरंग उठून उभा राहिला.

"बुवा!"

"बस खाली."

"दोन्ही? दोन्ही दिल्यात तुम्ही! माझ्याकडे काय राहिलं?"

बुवांनी डोळ्यांनीच कोपरा दाखवला. तिथे पखवाज होता.

"मोठी परण वाजव," ते म्हणाले. "याला ऐकायचीय. मग हा डिस्का ठेवून निपाणीला जाईल. काय रे?"

"जाईन की," निंगाप्पा म्हणाला. "मला डबडं कशाला? माझ्याकडं कॉम्प्युटर न्हाई."

श्रीरंगाच्या जिवात जीव आला. एवढंच ना? त्याने पखवाज पुढ्यात घेतला. कणीक भिजवली, धुम्यावर, पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थापली, ठोकून स्वर पाहिला. बुवांनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला.

पहिली आवर्तनं स्वच्छ निघाली. बोल मोकळे, थाप गोल. निंगाप्पाची मान डोलली. श्रीरंगाने ते पाहिलं आणि त्याचा हात आणखी खुलला. परण चढायला लागली. गदिगन, तिटकत, मग ती वळणारी धुमकिट, मग…

मग.

त्याला पडदा दिसला. कॉम्प्युटरचा. त्यावर आवाजाची हिरवी रेघ कुठे उंच होते, कुठे बारीक होते, सगळं दिसलं. इथे कुत्रं भुंकलं होतं, ते आपण कसं कापलं, तेही आठवलं. बोल आठवला नाही.

हात पखवाजाच्या पुडीवर नुसते टेकून राहिले.

बुवांचा ताल थांबला नाही. मांडीवर बोटं पडत राहिली. सम आली. गेली.

"पुन्हा," बुवा म्हणाले.

श्रीरंगाने पुन्हा उचलली. या वेळी घाईत. त्याच जागी आला. अडला.

निंगाप्पा हळूच म्हणाला, "आमचा गुरू ह्याच्या जरा म्होरं यायचा."

टोमणा होता की नुसतं सांगणं होतं, श्रीरंगाला कळलं नाही. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांचा डावा हात ताल धरत होता. उजवा पडून होता. ती परण त्याच हातातून निघाली होती आणि आता त्यातून निघणार नव्हती.

"तुम्ही बोल सांगा, बुवा. तोंडाने."

बुवांनी तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले. थुंकी आली. धुमकिट त्यांच्या तोंडून धड उमटेना. अर्धांगानंतर बोलणं परत आलं होतं, पण बोल तेवढे जिभेवर चढत नव्हते. त्यांनी तोंड मिटून टॉवेलने पुसलं.



हॉर्न वाजला. लांब. ड्रायव्हर ओरडला, "अहो साहेब, कुठलं न्यायचं ते सांगा! मला अंधारायच्या आत घाट उतरायचाय!"

श्रीरंगाने ऐकलं नाही. त्याच्या पिशवीत लॅपटॉप होता, वायर होती. लावायला कितीसा वेळ. एक नजर टाकली की झालं. त्याने निंगाप्पाकडे हात पुढे केला.

"द्या जरा. एकच द्या. बघतो आणि लगेच वाजवतो."

निंगाप्पाने ओंजळीतल्या डिस्कांकडे पाहिलं. मग श्रीरंगाच्या हाताकडे. त्या हाताला कणीक लागली होती.

निंगाप्पा द्यायला पुढे झाला.

"थांब," बुवा म्हणाले.

निंगाप्पा थांबला. श्रीरंगाने हात मागे घेतला… घ्यायला लागला.

"तू नको मागे घेऊस, श्रीरंगा. हात तसाच राहू दे. सकाळपासून हाही असाच मागत बसलाय."