वैद्यबाईंचा ग्रंथ आणि रंगारी आळी

डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा राज्यात, राणीच्या पदरी एक वैद्यबाई होत्या. हाताने हलक्या, बोलायला गोड, आणि अभ्यास असा की शेजारच्या राज्यांतले वैद्यही अडलं की त्यांच्याकडे माणूस धाडत.

एका वर्षी राज्यातल्या बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी व्रण होऊ लागला. सुरुवातीला काही कळत नसे, आणि कळे तेव्हा फार उशीर झालेला असे. वेळेत सापडला, तर मात्र वैद्यबाईंच्या लेपाने तो बरा होई. राणीने त्यांना बोलावून सांगितलं, की घरोघर जा, बायकांना विचारा, हा आजार कुणाकुणाला होतो ते शोधून ग्रंथ लिहा. ग्रंथ सांगेल त्या आळीत तपासणीसाठी एकेक सुईण नेमू. फक्त दसऱ्याच्या दरबाराआधी तो हाती हवा.

वैद्यबाईंनी घरी बसून प्रश्न तयार केले. लग्न कधी झालं, नवरा काय करतो, बाळंतपणं किती. बाईच्या नावापुढे तीन रकाने आखले: सवाष्ण, विधवा, कुमारिका. कुमारिकेला हा आजार होत नाही असं त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, त्यामुळे तिला तपासायचं कारण नव्हतं.

फिरत फिरत त्या नदीकाठच्या रंगारी आळीत आल्या. इथल्या बायका सूत रंगवत, आणि इथे बाई बाईबरोबर संसार करी. काही जणींचा जीव पहिल्यापासून बाईवरच जडलेला, काही जणी आधी पुरुषाबरोबर सुखाने नांदून मग इथे आलेल्या. गावातली माणसं या आळीतून सूत नेत, पण कुणी ओसरीवर टेकत नसे. वैद्यबाई मात्र टेकल्या. दिलेलं पाणी प्यायल्या. आपण इतरांसारख्या नाही, याचं त्यांना मनातून बरं वाटलं.

त्यांनी प्रश्न विचारले. बायकांनी एका शब्दात उत्तरं दिली. नवरा? नाही. बाळंतपण? नाही. बत्तीस जणींपैकी एकोणतीस कुमारिकेच्या रकान्यात गेल्या. दोघी विधवा होत्या, त्यांना तपासलं तर व्रण नव्हता. धुरपा नावाच्या एकीचा नवरा दूरच्या गावी होता. ती सवाष्ण ठरली, आणि तिला नवऱ्याच्या गावी जाऊन तपासून घ्यायला सांगण्यात आलं. सगळं दुपारपर्यंत आटोपलं.

त्या निघाल्या तेव्हा गोजरा नावाची एक बाई त्यांना पोचवायला वळणापर्यंत आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ती म्हणाली, "वैद्यबाई, रागावू नका. तुमचे प्रश्न आमच्या घरात बसत नाहीत. चार दिवस राहा इथं. काय विचारायचं आणि कसं विचारायचं ते आम्ही तुमच्याशेजारी बसून सांगू. मग बायका खरं बोलतील."

वैद्यबाई थांबल्या. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. पण दसरा नऊ दिवसांवर आला होता आणि अजून सहा आळ्या बाकी होत्या. शिवाय वीस वर्षं वैद्यकी केलेल्या बाईला प्रश्न कसे विचारायचे ते एका रंगारणीने सांगावं, हेही कुठेतरी खुपलं.

त्या हसून म्हणाल्या, "अगं, उत्तरं देणं तुमचं काम. विचारणं माझं."

गोजरा वळणावरून परत फिरली.

दसऱ्याला ग्रंथ दरबारात वाचला गेला. राणीने शालजोडी दिली. पाच राज्यांनी नकला मागवल्या. ग्रंथात एक ओळ होती, की रंगारी आळीत हा आजार नाही. म्हणून सगळीकडे सुईणी नेमल्या गेल्या, रंगारी आळी तेवढी वगळली.

दोन वर्षं गेली. गोजराबरोबर हौसा राहत असे, बारा वर्षांचा त्यांचा संसार. हौसाच्या अंगावरून अवेळी जाऊ लागलं. ती शेजारच्या आळीतल्या सुईणीकडे गेली. सुईणीने ग्रंथ उघडला, हौसाचं नाव कुमारिकेच्या रकान्यात पाहिलं आणि तिला हात न लावता परत पाठवलं. हौसा आणखी दोनदा गेली. सुईण वाईट नव्हती. ती ग्रंथाप्रमाणे वागत होती.

शेवटी गोजराने तिला बैलगाडीत घालून वैद्यबाईंच्या दारात आणलं. वैद्यबाईंनी तपासलं. लेपाची वेळ कधीच टळून गेली होती.

त्या हौसाला म्हणाल्या, "तुझा संसार आहे हे तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

हौसा डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही नवऱ्याचं विचारलंत. नवरा नव्हता, म्हणून नाही म्हटलं."

सहाव्या दिवशी हौसा गेली. गोजरा तिथे रडली नाही. गाडीवाल्याला गाडी हळू हाक म्हणाली, जणू आत कुणी झोपलं होतं.

महिन्याने वैद्यबाई रंगारी आळीत गेल्या. बरीच दारं उघडली नाहीत. एका बाईने दारातूनच सांगितलं, की तुमच्या ग्रंथात आम्ही ठणठणीत आहोत, मग कशाला आलात. गोजराने मात्र त्यांना बसायला घोंगडी टाकली.

"गोजराबाई," वैद्यबाई म्हणाल्या, "मला विचारता येत नाही. तुम्ही शिकवा."

गोजरा, धुरपा आणि आणखी दोघी त्यांच्याबरोबर बसल्या. रकाने खोडले. नवऱ्याचा प्रश्न काढून कुणाबरोबर राहता, आधी कुणाबरोबर होतात, आजारी पडलात तर जवळ कोण असावं असं वाटतं, हे प्रश्न आले. तपासताना सोबतीण जवळ राहील, असं ठरलं. गोजराने घरोघर जाऊन बायकांना समजावलं, आणि हळूहळू दारं उघडली. बायका तासतास बोलल्या. तपासणीही झाली. हौसा गेल्यावर उरलेल्या एकतीस जणींपैकी अकरा जणींना व्रण होता. काही कधीकाळी नांदलेल्या होत्या, काही जणींनी पुरुषाचं बोटही धरलेलं नव्हतं. आजाराने कुणालाच वगळलं नव्हतं.

वैद्यबाई तडक दरबारात गेल्या. माझा ग्रंथ चुकला, ती ओळ खोडा, आळीत सुईण नेमा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. राणी प्रधानाकडे पाहू लागली. प्रधान अदबीने म्हणाला, की ग्रंथ पाच राज्यांत गेलाय. एक ओळ चुकली म्हटलं, तर लोक बाकीच्या ओळींवर तरी विश्वास कसा ठेवतील? आणि चार रंगारणींचं ऐकून ग्रंथ बदलायचा, हे शोभेल का? राणीने मान खाली घातली. पुढचा विषय निघाला.

वैद्यबाईंनी शालजोडी तिथेच ठेवली आणि चालत आळीत आल्या. अंगणात बायका वाट पाहत होत्या. त्यांनी काही न लपवता सांगितलं. कुणी संतापलं नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. बायका एकेक करून उठल्या आणि रंगाच्या कढईकडे गेल्या, कारण सूत उकळत होतं.

गोजरा तेवढी बसून राहिली. तिने विचारलं, "दरबार राहू द्या. तुमच्या हातून आता किती जणी वाचतील?"

वैद्यबाईंना खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईशी खोटं बोलायचा हक्क त्या केव्हाच गमावून बसल्या होत्या.

"अकरांतल्या तिघी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी तुमचं ऐकलं असतं, तर सगळ्या."

गोजराने मान डोलावली. "कोण तिघी?"

वैद्यबाईंनी नावं सांगितली. गोजरा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्या तिघींना बोलावून आणायला गेली. ती स्वतः अकरांत होती, त्या तिघींत नव्हती.

या गोष्टीचं तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्यांचं दुखणं शोधायचं, त्यांना पहिला प्रश्न लिहायच्या आधी शेजारी बसवा. मागून मागितलेल्या सल्ल्याने चूक कळते, गेलेली माणसं परत येत नाहीत.